पडशाची पोटली आणि ज्वारीचे सहा दाणे

(जिंतूर तालुक्यातल्या डोंगरकाठच्या एका वस्तीवर, ऊसतोडीला निघण्याआधीच्या बैठकीत आम्ही जे बोललो ते इथं उतरवून देत आहोत. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्या वस्तीवर कुणीतरी वाचता येणाऱ्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं.)

बायांनो, भावांनो, आज दाव्यांचे कागद गोळा करायचे आहेत, ते आपण करूच. पण त्याआधी थोडं पडशाबद्दल बोलायचं आहे. हसू नका. मागच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं होतं, "जमिनीच्या बैठकीत शेंबडाची गोष्ट कशाला?" त्याचं उत्तर आज द्यायचं आहे.

दसरा झाला की आपली निम्मी वस्ती रिकामी होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता बांधलेला असतो. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं भरून आपण दुसऱ्याच्या मुलखात उसाच्या फडावर जातो. तिथं पाचटाची कोपी, खाली ओली जमीन, पहाटे चारला गार वाऱ्यात उठणं, लेकरू चगाळाच्या ढिगावर निजवणं. थंडीचे सगळे महिने आपण तिथंच काढतो. म्हणजे ज्या महिन्यांत पडसं सगळ्यांत जास्त, त्याच महिन्यांत आपण आपल्या डोंगरापासून, आपल्या झाडपाल्यापासून सगळ्यांत लांब असतो. इथं नाल्याच्या काठाला निर्गुडी आहे, बांधाला अडुळसा आहे, वर बेहडा आहे. तिथं फक्त ऊस आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही की इथून निघताना पोटली बांधून न्यायची. ती कशी बांधायची, त्यात काय घालायचं, कुणाला काय द्यायचं आणि कुणाला काय द्यायचं नाही, हे नीट सांगतो. दुसरी गोष्ट ही की पोटलीचं काम कुठं संपतं, ते ओळखायला शिकायचं. ही दुसरी गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. तेही सांगतो.

आधी पडसं म्हणजे काय ते पाहू. पडसं गार पाण्यानं किंवा केळं खाल्ल्यानं होत नाही. ते विषाणूनं होतं. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव. एकाच्या शिंकेतून, हाताला लागलेल्या शेंबडातून, एकाच फडक्यातून तो दुसऱ्याच्या नाकात जातो. थंडीत आपण दाटीवाटीनं निजतो, कोपीला एकच तोंड असतं, आत चूल पेटलेली असते, म्हणून एकाचं पडसं चार दिवसांत सगळ्या टोळीला लागतं. हे पडसं साधारण आठवडाभरात आपोआप जातं. खोकला कधी आणखी आठवडाभर रेंगाळतो.

मग झाडपाला कशाला? त्यानं विषाणू मरतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्हीही तसं सांगणार नाही. झाडपाल्यानं घसा नरम पडतो, कफ सुटतो, नाक मोकळं होतं, झोप लागते, पोटात गरम काहीतरी जातं. आजारी माणसाला एवढं पुष्कळ असतं. आणि त्यापायी कर्ज होत नाही.

कर्जाचं सांगतो. फडावर एखाद्याला पडसं झालं की तो बाजारच्या गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि स्वतःच म्हणतो, "सुई द्या." सुई मिळते, कधी सलाईनची बाटली लागते, रंगीत गोळ्या मिळतात. त्या दिवसाचा खाडा पडतो तो वेगळाच. आठवड्यानं पडसं जातं आणि आपण म्हणतो सुईनं गेलं. खरं तर साध्या पडशाला सुईचा काही उपयोग नाही. जंतूंवरची औषधं विषाणूवर चालत नाहीत. सलाईन म्हणजे मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी. ज्याला तोंडानं पाणी जातं, त्याला ते शिरेतून कशाला? आपल्या उचलीच्या वहीत असे किती दिवस, किती रुपये साध्या पडशापायी चढले असतील, ते ज्यानं त्यानं घरी मोजून पाहावं.

आता पोटली.

अडुळसा. याची पानं आत्ता, पाऊस उघडल्यावर, चांगली भरलेली असतात. तोडून सावलीत वाळवा, उन्हात नको. वाळली की कापडात बांधा. मोठ्या माणसाला कफाचा खोकला असेल तर पाच-सहा पानं दोन पेले पाण्यात उकळून एक पेला उरवायचा, त्यात गूळ नाहीतर मध घालून दिवसातून दोनदा घोट घोट प्यायचं. चव कडू आहे, पण कफ सुटतो. ही काही नुसती आजीबाईची गोष्ट नाही. अडुळशाच्या पानात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या आधारानं १९६० च्या दशकात कंपनीनं ब्रोमहेक्सिन हे औषध काढलं. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव छापलेलं असतं. बांधावरचं झुडूप फिरून बाटलीत बसून आपल्याकडं येतं, आणि आपण पैसे देऊन घेतो. पण एक लक्षात ठेवा. पोटुशा बाईनं अडुळसा घ्यायचा नाही. त्यानं पिशवी आकसते, पोट पडू शकतं. लहान लेकरांनाही हा काढा नको.

बेहडा. गेल्या हिवाळ्यात वेचलेला ज्यांच्या घरी आहे त्यांनी बाहेर काढा. फळ फोडायचं, वरची साल घ्यायची, आतली बी टाकून द्यायची. बी खाऊ नये, तिनं गुंगी येते. साल तव्यावर जराशी भाजून तुकडा गालात धरायचा. घशात खवखव असेल, कोरडी ढास लागत असेल तर त्यानं बरं वाटतं. रात्रभर खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना हे पुरतं. लहान लेकराच्या तोंडात तुकडा देऊ नका, घशात अडकेल.

सुंठ, मिरे, गवती चहा, तुळस. गवती चहाची पात आणि तुळशीची पानं वाळवून न्या. सुंठ, मिरे बाजारातून घ्यावे लागतात, तेवढे घ्या. पेलाभर पाण्यात दोन पाती, चार तुळशीची पानं, चिमूटभर सुंठ, गूळ, असा चहा टोळीतल्या सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात होतो. वर्षाच्या वरच्या लेकराला हाच चहा पातळ करून, मिरे न घालता, कोमट चालतो.

हळद. रात्री निजताना गरम दुधात, दूध नसेल तर गरम पाण्यात गूळ-हळद. पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या करा. आपल्याच जुन्या परभणी जिल्ह्यातलं वसमत हळदीचं मोठं पेठेचं गाव, १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात गेलं. तिथली हळद आपल्या सगळ्यांच्या चुलीवर आहे. तिची पुढची गोष्ट शेवटी सांगतो.

निर्गुडी. पानं वाळवून न्या. चोंदलेल्या नाकाला मोठ्या माणसानं याची वाफ घ्यावी. पातेलं चुलीवरून खाली उतरवून, जमिनीवर घट्ट ठेवून, मग तोंडावर फडकं घ्यायचं. लहान लेकरांना वाफ देऊ नका. कोपीत जागा नसते, पातेलं कलंडतं आणि पडशापायी लेकरू भाजतं.

ओवा. तव्यावर गरम करून फडक्यात बांधून छाती-पाठ शेकायची. आधी पोटली आपल्या मनगटाला लावून पाहायची, मग दुसऱ्याला.

मध. वर्षाच्या वरच्या लेकराला खोकल्यासाठी चमचाभर मध रात्री द्यायला हरकत नाही. पण वर्षाच्या आतल्या लेकराला मधाचं बोटही चाटवू नका. मधात कधी एक असा जंतू असतो, जो मोठ्याला काही करत नाही, पण तान्ह्याच्या अंगातली ताकद घालवतो, श्वास बंद पाडतो.

मग तान्ह्याला काय द्यायचं? आईचं दूध. जास्त वेळा, थोडं थोडं. सहा महिन्यांच्या आत दुसरं काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. त्याचं नाक चोंदलं तर ते अंगावर ओढू शकत नाही, म्हणून रडतं. पेलाभर पाणी उकळून गार करायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, स्वच्छ फडक्याच्या टोकानं एक-दोन थेंब नाकात सोडायचे, शेंबूड पुसायचा, मग पाजायचं. नाकात तेल सोडू नका. ते तेल श्वासावाटे छातीत उतरतं. निलगिरीचं तेल लेकराच्या नाकातोंडात घालू नका, ते विषारी पडतं. दुकानातून झोप आणणारं खोकल्याचं औषध आणून तान्ह्याला पाजू नका. झोपलेलं लेकरू बरं होत असतं असं नाही.

आणि बिबा घालू नका, डागू नका. हे आम्ही कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या पोटावर त्या खुणा आहेत, आमच्या आज्यांनी मायेनंच त्या दिल्या. पण त्या चटक्यानं छातीतला रोग जात नाही, वर जखम होते ती वेगळी.

पडसं होऊ नये म्हणून काय करायचं, हेही याच पोटलीत बांधा. त्यासाठी खात्रीचा पाला कुठलाच नाही. शेंबूड पुसल्यावर, भाकरी थापण्याआधी, लेकरू घेण्याआधी हात धुवा. साबण नसेल तर राखेनं धुवा. ज्याला पडसं आहे त्याचं फडकं वेगळं ठेवा. कोपीत चूल असेल तर धूर जायला वरून वाट ठेवा, आणि चूल पेटलेली असताना तान्हं लेकरू आत ठेवू नका. धुरानं छाती आधीच कमजोर होते. बिडी पिणाऱ्यांनीही हे ऐकावं. निघण्याआधी अंगणवाडीत, उपकेंद्रात जाऊन लेकरांच्या लसी पुऱ्या करून घ्या. नऊ महिन्यांच्या लेकराला गोवराची लस हवीच. गोवरानंतर छाती भरून कितीतरी लेकरं जातात. लसीचं कार्ड राशनकार्डाबरोबर पिशवीत ठेवा. आणि खाणं. ज्या लेकराच्या पोटात पुरेसं नाही, त्याला साधं पडसंही जड जातं. कार्तिकापासून डोंगरात आवळा येतो. जे मागं राहणार आहेत त्यांनी तो वाळवून ठेवावा, फडावरून कुणी आलं तर त्याच्याबरोबर पाठवावा.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना आम्हाला जड जातं.

चार वर्षांमागं फडावर आपल्यातल्या एका जोडप्याचं नऊ महिन्यांचं लेकरू आजारी पडलं. पडसं होतं, खोकला होता. टोळीत आम्हीच जाणते. आम्ही ओव्यानं शेकलं, अडुळशाचा रस मधातून चाटवला. बापाला सुईसाठी पैसे मागू दिले नाहीत. "कशाला उचल वाढवतो, पडसंच तर हाय," असं आम्हीच म्हणालो. तीन दिवस गेले. तिसऱ्या रात्री लेकराचं पोट भात्यासारखं हलत होतं. मायनं दाखवलं. आम्ही म्हणालो, सकाळी बघू. सकाळी मुकादम म्हणाला, गाडी भरली की जा. गाडी दुपारी भरली. लेकरू वाटेतच गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "श्वास कधीपासून धापत होता?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. श्वास धापणं ही पडशाहून वेगळी गोष्ट आहे, ती मोजता येते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मुकादमावर राग काढणं सोपं आहे, आणि तो काढलाच पाहिजे. आजारी लेकराला दवाखान्यात नेलं म्हणून खाडा लावायचा नाही, ही मागणी आपल्या यादीत आहेच. पण दोन दिवस आणि एक रात्र आमच्याही हातात होती. त्या मायनं आम्हाला सांगितलं आहे, "बैठकीत सांगा. नाव घेऊ नका, पण सांगा." म्हणून सांगितलं.

जे त्या लेकराला झालं होतं त्याला डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात. आपल्याकडं कुणी डबा म्हणतात, कुणी छाती भरली म्हणतात. पडशाचा रोग नाकात-घशात असतो, हा खाली फुप्फुसात उतरतो. याला काढा चालत नाही. याला जंतूंवरचं औषध लागतं, आणि ते वेळेवर मिळालं तर बहुतेक लेकरं वाचतात.

हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं १९८८ पासून हे करून दाखवलं. गावातल्याच शिकलेल्या पोरांना आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईबायांना त्यांनी लेकराचा श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्या बायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांची चौकट बनवली. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मणी लाल खुणेपर्यंत गेले तर न्यूमोनिया. त्या गावांमध्ये न्यूमोनियानं मरणाऱ्या लेकरांचं प्रमाण शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांच्या निम्म्याहून खाली आलं. १९९० साली हे लॅन्सेट नावाच्या इंग्लंडच्या मोठ्या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आलं. दाईबाईचं मोजणं जगभरच्या डॉक्टरांनी मानलं.

आपल्याकडं ती चौकट नाही. ज्वारी तर आहे? पोटलीत सहा दाणे ज्वारीचे वेगळे बांधा. आता सगळ्यांनी इकडं बघा.

लेकरू शांत असताना मोजायचं. रडत असताना, पीत असताना नाही. अंगावरचं कापड वर करायचं, पोट बघायचं. पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. एकानं मोबाइलमधलं घड्याळ बघायचं, पुरा एक मिनिट. दुसऱ्यानं बोटांवर दहा मोजायचे, दहा झाले की एक दाणा बाजूला ठेवायचा, पुन्हा एकपासून.

दोन महिन्यांच्या आतलं लेकरू: सहा दाणे झाले, म्हणजे मिनिटाला ६० श्वास किंवा जास्त, तर धोका. या वयाला एकदा जास्त आलं तर लगेच पुन्हा मोजून खात्री करा.

दोन महिने ते एक वर्ष: पाच दाणे, म्हणजे ५० किंवा जास्त.

एक वर्ष ते पाच वर्षं: चार दाणे, म्हणजे ४० किंवा जास्त.

आणि दाणे कमी आले तरी पुढचं काही दिसलं तर थांबायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. लेकरू अंगावर घेत नाही, पाणी पीत नाही. घेतलेलं सगळं ओकतं. झटके येतात. हलवलं तरी नीट जागं होत नाही. ओठ, नखं निळसर दिसतात. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराला ताप आला किंवा अंग गार पडलं. यातलं एकही असेल तर काढा नाही, शेक नाही, "सकाळी बघू" नाही. त्याच घटकेला सरकारी दवाखाना. वाटेत लेकरू अंगाशी धरून, पाजत पाजत न्यायचं. भाड्याचे पैसे टोळीनं वर्गणीतून द्यायचे. निघण्याआधीच त्यासाठी प्रत्येक कोयत्यामागं थोडे पैसे एका बाईकडं जमा करायचे आहेत. ते आजच ठरवू.

मोठ्यांचंही ऐका. खोकला दोन आठवड्यांच्या पुढं गेला तर अडुळसा बंद करा आणि सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तो क्षय असू शकतो. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. आणि स्वाईन फ्लूचं विसरू नका. २००९ च्या ऑगस्टात पुण्यात त्यानं देशातला पहिला माणूस गेला, तेव्हा शहरातली माणसंही तुळस आणि निलगिरी शोधत होती. तोही पडशासारखाच सुरू होतो. पोटुशा बाईला जोराचा ताप आणि दम लागला तर घरी ठेवायचं नाही.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. जमिनीच्या बैठकीत पडसं कशाला?

ही पोटली भरायला डोंगरात जावं लागतं. मागच्या वर्षी आपल्यातली एक बाई बेहडा आणि निर्गुडी घेऊन उतरत होती. एका रखवालदारानं तिचा विळा आणि गाठोडं ठेवून घेतलं. म्हणाला, "चोरीचा माल." ती घरी येऊन रडली नाही. आम्हाला म्हणाली, "पडशाच्या औषधाची चोरी कशी करतेत, ते मला सांगा."

१९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगलातला पाला, मूळ, मध हे सगळं सरकारचं ठरवलं. त्या कायद्याच्या डोळ्यांनी ती बाई गुन्हेगार होती. पण २००६ चा वनहक्क कायदा आला, २००७ च्या डिसेंबरअखेरीस लागू झाला. त्यानं सांगितलं की परंपरेनं गोळा होणारं गौण वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा आपला मालकीचा हक्क आहे. कलम ३ (१) (सी). आणि गौण वनोपज म्हणजे काय, ते याच कायद्याच्या कलम २ मध्ये लिहिलं आहे. त्यात मध आहे, औषधी वनस्पती आहेत, मुळं आहेत, कंद आहेत. म्हणजे आपली अख्खी पोटली कायद्यात लिहिलेली आहे.

काही लोक सांगतात, परभणी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून हा कायदा इथं नाही. हे खरं नाही. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही हे बरोबर, पण वनहक्क कायद्याला ती अट नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याच्या ग्रामसभेनं जो कायदा वापरला, तोच आपल्यालाही आहे.

आपण मात्र काय केलं? प्रत्येकानं आपापल्या वावराचा दावा भरला. ते बरोबरच केलं, पोट त्यावर आहे. पण गावानं मिळून करायचा सामूहिक दावा मागं पडला. वावर मिळालं आणि डोंगर गेला, तर अडुळसा, बेहडा, मोहा, आवळा, सरपण सगळं पुन्हा चोरीचं ठरेल. म्हणून आज दाव्यासोबत एक यादी जोडायची आहे. कुठल्या नाल्याला निर्गुडी, कुठल्या टेकडीवर बेहडा, कुठल्या महिन्यात काय आणतो, कशाला वापरतो. ती यादी म्हाताऱ्या बाया सांगतील, पोरं लिहितील. म्हाताऱ्यांचं सांगणं हाही या कायद्यात पुरावा धरला जातो. ज्यांना अडाणी म्हटलं, त्यांचीच साक्ष इथं लागते.

आता हळदीची राहिलेली गोष्ट. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठानं हळदीनं जखम भरते याचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे हा शोध आमचा, दुसऱ्यानं विचारल्याशिवाय वापरायचा नाही. आपल्या आज्या विळा लागला की हळद दाबतात, आणि कागदावर शोध दुसऱ्याचा! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. ते कशावर जिंकले? हे ज्ञान आधीपासून लिहिलेलं होतं, हे दाखवलं म्हणून. हळदीचं लिहिलेलं होतं, म्हणून वाचलं. आपल्या डोंगरातलं पुष्कळसं कुठंच लिहिलेलं नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३ (१) (के) मध्ये गावाच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क मानला आहे. पण हक्क सांगायला आधी आपल्याला ते ठाऊक पाहिजे, आणि पोरांना शिकवलेलं पाहिजे.

हक्काबरोबर राखणही आली. मुळासकट झुडूप उपटायचं नाही. अडुळशाची सगळी पानं ओरबाडायची नाहीत. बेहडा वेचताना फांदी तोडायची नाही. व्यापारी गाडी घेऊन आला आणि म्हणाला सगळं द्या, तर ग्रामसभेत ठरल्याशिवाय द्यायचं नाही. आपणच डोंगर बोडका केला, तर हक्काचा कागद घेऊन बसायचं कुठं?

तर आजची कामं. प्रत्येक टोळीमागं एक पोटली, ती बांधायला उद्या सकाळी बाया नाल्यावर जमतील. प्रत्येक टोळीतल्या दोघांनी, त्यात एक बाई पाहिजेच, इथंच आज श्वास मोजून दाखवायचा. सहा वेगवेगळ्या वयांची लेकरं इथं मांडीवर आहेत, त्यांचे श्वास मोजू. दवाखान्याच्या वर्गणीची बाई ठरवू. आणि सामूहिक दाव्याची यादी लिहायला घेऊ.

पोटलीतला पाला फडावर संपून जाईल. दाणे संपू देऊ नका. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत याल तेव्हा प्रत्येक टोळीनं सहाच्या सहा दाणे बैठकीत आणून दाखवायचे, आणि सगळी लेकरंही.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!

जिंदाबाद!